मदत हवी आहे : आईची वाढलेली साखर आणि हिरड्यांचा आजार, आधी उपचार कशावर करावेत?

नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध पेशंटची मुलगी एवढाच आहे. माझी आई ६४ वर्षांची असून तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावाकडे राहते. तिला ११ वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी रोज चालू आहे. गेल्या दीड वर्षात पथ्यात किंवा गोळ्यांत काही बदल झालेला नसताना तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.४ वरून ८.६ वर गेली, आणि नेमक्या याच काळात तिच्या हिरड्यांचे दुखणे वाढले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी खरोखर संबंध आहे का, आणि असला तर आधी हात कशाला घालावा, यासाठी हा धागा काढत आहे.

दुखणे वाढल्याचे आम्हाला फार उशिरा कळले. दिवाळीला माहेरी गेले होते, तेव्हा परसातल्या झाडाचा पेरू आईने एकदा चावला आणि तसाच ताटलीत ठेवून दिला. पांढऱ्या गरावर दातांच्या खुणा होत्या आणि त्यांच्या कडेने रक्ताची बारीक रेघ उमटली होती. विचारले तर म्हणाली, "अगं, ते नेहमीचंच आहे, त्यात काय बघायचं?" त्यानंतर मी तिच्या जेवणाकडे लक्ष देऊ लागले. ती भाकरी आमटीत पूर्ण कुस्करून घेते, डाव्या बाजूनेच चावते, आणि खालचे पुढचे दोन दात जिभेने नुसते ढकलले तरी हलतात.

आणखी एक गोष्ट लपवून उपयोग नाही. आई गेली ४० वर्षे मिश्री लावते. चुलीवर जुन्या लोखंडी तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी उंबऱ्यावर बसून अर्धा तास बोटाने हिरड्यांवर चोळत राहायचे, हा तिचा ठरलेला क्रम आहे. ज्या जागी बोट सर्वांत जास्त फिरते, तिथली हिरडी इतकी खाली सरकली आहे की दाताचे पिवळट मूळ उघडे दिसते. आमच्या भागात तिच्या वयाच्या कितीतरी बायकांचे दात असेच आहेत, त्यामुळे तिला यात वावगे असे काही वाटतच नाही.

आता अडचण सांगते. सांगलीतल्या दंतवैद्यांनी आईला पाहून सांगितले की हा पुढे गेलेला पायोरिया आहे, हिरड्यांखालून खोल सफाई करावी लागेल आणि हिरड्या सुधारल्या तर साखरही काही प्रमाणात उतरेल. मिरजेत जे फिजिशियन तिचा मधुमेह पाहतात, त्यांचे म्हणणे असे की साखर आठच्या वर असताना दातांना हात लावू नका, जखम चिघळेल, आधी साखर सातवर आणा. म्हणजे एकाच्या मते साखर उतरवण्यासाठी हिरड्या बऱ्या करायच्या आणि दुसऱ्याच्या मते हिरड्यांना हात लावण्यासाठी साखर उतरवायची. भावाचे मत तिसरेच आहे. त्याच्या मते सगळे दात काढून कवळी बसवली की दोन्ही कटकटी मिटतील.

माझ्या परीने मी थोडे वाचन केले आहे. मला समजले ते लिहिते, चुकले असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

दातांच्या कडेला साचणारा जिवाणूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही की हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागते. हा टप्पा पूर्ण बरा होण्यासारखा असतो. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले होते. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. हा थर कडक होऊन त्याचे कीटण झाले आणि सूज खाली उतरून दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, की मात्र गेलेले हाड सहसा परत येत नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खाच तयार होते. पायोरिया असलेल्यांच्या तोंडातल्या अशा सगळ्या खाचांचे क्षेत्रफळ मिळून साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा अंदाज २००१ मध्ये मांडला गेला. एवढी चिघळलेली जागा पायावर असती तर आम्ही आईला त्याच दिवशी दवाखान्यात नेले असते.

मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे, याबद्दल फारसा वाद दिसत नाही. साखर जास्त असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि लो यांनी १९९३ मध्ये त्याला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. उलट दिशेने, हिरड्यांतल्या कायमच्या दाहामुळे रक्तात जी द्रव्ये वाढतात, त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. माझी शंका यापुढची आहे. संबंध असणे वेगळे आणि हिरड्यांवर उपचार केल्याने साखर उतरणे वेगळे. वर्गात हा फरक शिकवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे, त्यामुळे इथे मी जरा हट्टाने अडून बसले आहे.

या प्रश्नावरचे दोन मोठे प्रयोग एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. अमेरिकेतल्या ५१४ रुग्णांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. त्यात सहा महिन्यांनी साखरेत काहीच सुधारणा नव्हती, उलट हिरड्यांवर उपचार केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत ती किंचित वाढलेली होती. लंडनमधल्या २६४ रुग्णांवरच्या प्रयोगात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, हिरड्यांवर कसून उपचार केलेल्या गटाचे एचबीए१सी बारा महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ अंकांनी कमी होते. अमेरिकी प्रयोगावर असा आक्षेप घेतला गेला की उपचारानंतरही रुग्णांच्या दातांवर थर आणि हिरड्यांत रक्तस्राव बराच शिल्लक होता, म्हणजे हिरड्याच नीट बऱ्या झाल्या नव्हत्या. मला हा आक्षेप पटतो. २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तीन-चार महिन्यांनी ०.४३ आणि सहा महिन्यांनी ०.३० एवढी घट आढळली. मधुमेहाची एखादी जादा गोळी सुरू केल्यावर जेवढा फरक पडतो, त्याच्या जवळपास हे जाते. तरीही ८.६ चे ७ यातून होणार नाही, हे उघड आहे.

हिरड्यांमुळे हृदयविकार होतो, असे संदेश आमच्या कुटुंबाच्या गटावर रोज येतात. तिथे संबंध आढळला आहे, पण कारण सिद्ध झालेले नाही आणि हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो असा पुरावाही नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटले होते. तेव्हा तो विषय मी बाजूला ठेवला आहे. कृपया प्रतिसादही साखरेपुरतेच ठेवावेत.

तर माझे विचारणे असे की साखर ८.६ असताना हिरड्यांखालची सफाई करणे खरोखर धोक्याचे आहे का, दोन डॉक्टरांमध्ये मेळ कसा घालावा, आणि सगळे दात काढण्याच्या भावाच्या मताला काही आधार आहे का? कुणाच्या घरी असा प्रसंग आला असेल तर अनुभवही जरूर लिहावा.

प्रतिसाद १ (कराडहून)

ताई, मी हिरड्यांच्या विकारांवरच उपचार करतो. न तपासता निदान करता येत नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो.

तुमच्या फिजिशियनांची काळजी अनाठायी नाही, पण ती शस्त्रक्रियेला जास्त लागू पडते. हिरडी उघडून करायची शस्त्रक्रिया साखर आटोक्यात येईपर्यंत आम्हीही पुढे ढकलतो. टाके न घालता, भूल देऊन टप्प्याटप्प्याने केलेली खोल सफाई ८.६ ला सहसा करता येते. तुम्ही सांगितलेल्या लंडनच्या प्रयोगातल्या रुग्णांची सुरुवातीची सरासरी साखरही आठच्या वरच होती. सकाळची वेळ घ्या, आईंनी न्याहारी करून आणि नेहमीची गोळी घेऊन यावे, कारण उपाशीपोटी खुर्चीत बसल्यावर साखर एकदम उतरण्याची भीती अधिक असते.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट ओझरती आली आहे, तिच्याकडे लक्ष द्या. अ‍ॅम्लोडिपिनमुळे काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात आणि त्याखाली थर साचत राहतो. पुढच्या दातांच्या फटींमध्ये हिरडीचे गोलसर फुगवटे दिसतात का, ते पाहा. दिसले तर गोळी बदलता येईल का, हे फिजिशियनांना विचारा. मनाने गोळी बंद करू नका.

दंतवैद्यांकडून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खाचेची खोली मोजून तो तक्ता लिहून घ्या. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली ठीक मानतात. तो तक्ता आणि एक पानाची चिठ्ठी फिजिशियनांकडे गेली की बहुतेक वाद मिटतात. दोन्ही डॉक्टर तुमच्या आईंच्या तोंडून एकमेकांशी बोलत आहेत, अडचण तिथे आहे. आणि मिश्री लावणाऱ्या रुग्णाचे गाल, जीभ आणि ओठांची आतली बाजू पांढऱ्या चट्ट्यांसाठी तपासायलाच हवी, ते या भेटीत करून घ्या.

प्रतिसाद २ (साताऱ्याहून)

आमच्या वडिलांचे सगळे दात २००९ मध्ये काढले. तेव्हा कुणीतरी असेच सांगितले होते. रक्त येणे थांबले, हे खरे. पण पुढे जबड्याचे हाड झिजत गेले, खालची कवळी बसेनाशी झाली आणि ज्वारीची भाकरी व मोड आलेली कडधान्ये सुटून ते भात आणि मऊ पावावर आले, मग साखर कुठून उतरणार? तुमच्या भावाला हे जरूर सांगा.

दुसरे असे की दात काढण्याआधी झालेल्या सफाईनंतर वडिलांना दातांत फटी पडल्यासारखे वाटले आणि दात जास्त हलतात म्हणून त्यांनी दवाखान्याची वाट सोडली. नंतर समजले की कीटणाने भरलेली जागा रिकामी झाली होती आणि सूज उतरल्याने हिरडी आकसली होती. हे आईंना आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद १ (कराडहून)

साताऱ्याच्या मित्रांशी सहमत आहे. सगळे दात काढण्याच्या कल्पनेला जुना इतिहास आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलमध्ये व्याख्यान देऊन तोंडातल्या जंतुसंसर्गावर अनेक आजारांचे खापर फोडले, आणि पुढची कित्येक वर्षे लोकांचे चांगले दातही सर्रास उपटले गेले. ज्यांचा आधार पूर्ण गेला आहे, तेवढेच दात काढावे लागतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सगळे व्हायला तीन आठवडे लागले, म्हणून उशिरा लिहीत आहे.

खोलीचा तक्ता करून घेतला. बऱ्याच ठिकाणी पाच-सहा मिलिमीटर आणि मागच्या दोन दाढांपाशी सात मिलिमीटर निघाले. फुगवटे होतेच. मी ते सूज समजत होते. दंतवैद्यांची चिठ्ठी घेऊन मिरजेला गेले, तेव्हा फिजिशियनांनी तक्ता पाहून पाचच मिनिटांत सफाईला होकार दिला आणि रक्तदाबाची गोळी बदलून दिली. खालच्या उजव्या बाजूची सफाई झाली आहे, उरलेली दर आठवड्याला एक बाजू अशी होईल. खालचे हलणारे दोन दात बहुधा काढावे लागतील. गालाच्या आत चट्टा नाही. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासायची आहे, पण गोळी आणि सफाई दोन्ही एकदम बदलल्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या तरी तोपर्यंत तशाच ठेवा, अशी विनंती मी केली आहे. नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणारच नाही. फिजिशियन हसले, पण जेवणाआधीची साखर एका मर्यादेच्या वर गेली नाही तर, या अटीवर तयार झाले.

राहिली ती मिश्री. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही आईची पक्की समजूत आहे. डबी लपवली तर शेजारच्या काकूंकडून चिमूट आणते. साठीच्या पुढच्या बाईची मिश्री कुणी सोडवली असेल, तर नेमके काय केले, ते कृपया लिहावे.