जुने सेमी-स्लिक: नक्षी नको, रबर बघा

'२०१९चे सेमी-स्लिक स्वस्तात मिळतायत, नक्षी भरपूर शिल्लक आहे, ट्रॅक डेला चालतील का?' सेमी-स्लिक म्हणजे ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे, मऊ रबराचे टायर; ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचा दिवस. नुसत्या नक्षीवर निर्णय घेऊ नका. असं रबर दरवेळी तापून थंड होताना कडक होत जातं, झीज दिसो वा न दिसो.

आधी टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. चारही टायरचे वेगवेगळे वाचा, विकणारे सर्रास मिसळतात. मग शोअर-ए ड्युरोमीटरने, म्हणजे रबराचा कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाने, ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) तीन-चार जागी मोजा आणि त्याच मॉडेलच्या नव्या टायरशी, त्याच तापमानाला ताडून बघा. थंड रबर उगाच कडक दाखवतं. टायर रिमवरून उतरवून आतली बाजूही तपासा. बाजूच्या भिंतीला चीर, फुगवटा, दिसणारे धागे किंवा पंक्चरचा प्लग असेल तर टायर बाद. रबर मऊ करणारी रसायनं फक्त वरचा थर मऊ करतात, आतला सांगाडा जुनाच राहतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे चांगली जोडी पुढे आणि कडक झालेली मागे लावणं. वेगात वळताना ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सुटतो, सावरायला वेळच मिळत नाही. जास्त पकड असलेली जोडी मागेच हवी, गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह असली तरी.

पहिले दोन लॅप सावकाश. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) येताच गरम टायरची हवा मोजा. स्टिअरिंगला अचानक नवी थरथर जाणवली तर तो लॅप पूर्ण करण्याचा हट्ट नको. ट्रेड सुटायला लागल्याची ती खूण असू शकते. वेग कमी करा, थेट पिटमध्ये या.