वाढलेलं प्रोस्टेट: वाफ, टाके की लेझर?

खडूस_काका:
गोळ्यांनी भागेना आणि ऑपरेशनच करायचं ठरलं, तर होलेप करून मोकळं व्हावं. ग्रंथी ४० ग्रॅमची असो वा १५० ची, आतला वाढलेला भाग लेझरने अख्खा सोलून निघतो आणि तपासणीलाही मिळतो. युरोलिफ्ट (टाक्यांचा उपाय), रेझुम (वाफेचा) ही तात्पुरती डागडुजी. युरोलिफ्टच्या पाच वर्षांच्या चाचणीत १३.६ टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली.

कोपरखळी:
म्हणजे ८६ टक्क्यांना लागली नाही, हेही लिहा की! आणि होलेप असो वा टीयूआरपी (मूत्रमार्गातून ग्रंथी खरवडून काढायची जुनी शस्त्रक्रिया), नंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, ते सोयीस्कर वगळलंत. धोका नसतो, पण पन्नाशीतल्या माणसाला विचारून बघा. युरोलिफ्टमध्ये काही कापत नाहीत, जाळत नाहीत. ग्रंथीचे भाग टाक्यांनी बाजूला ओढून धरतात, त्यामुळे हा प्रश्न सहसा येतच नाही.

सरळरेष:
काका, युरोलिफ्ट आणि रेझुमला एका माळेत ओवू नका. रेझुममध्ये पाच वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेचा आकडा ४.४ टक्के होता. अर्थात दोन्ही चाचण्यांत ग्रंथी साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या होत्या, १५० वाल्याने त्यांच्या भरवशावर राहू नये.

खडूस_काका:
रेझुमची दुसरी बाजू मांडतो. नऊ-नऊ सेकंद वाफ सोडली की काम झालं, असं ऐकवतात. पण मेलेल्या पेशी शरीरात जिरायला कित्येक आठवडे जातात. सुरुवातीला सूज येते, काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी), जळजळ. 'लगेच घरी' खरं, 'लगेच बरं' नाही.

रातराणी:
हृदयरोगी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांचं काय? त्यांना एम्बोलायझेशन सोयीचं पडतं. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून ग्रंथीचा रक्तपुरवठाच तोडतात, पूर्ण भूल नको.

खडूस_काका:
धमन्या कडक, वेड्यावाकड्या असल्या की नळी पोचतच नाही, आणि लघवीची धार टीयूआरपीइतकी सुधारत नाही. लेझरमध्ये रक्तस्राव कमी, म्हणून अशा रुग्णांवर होलेपही करतात.

कोपरखळी:
करतात, पण हात बसलेला असेल तर! होलेप शिकायला डझनावारी केसेस लागतात. नवख्याच्या होलेपपेक्षा मुरलेल्याची टीयूआरपी परवडली. शिवाय होलेपनंतर काहींना काही आठवडे, क्वचित महिने, लघवी गळते. त्याबद्दल काका गप्प.

खडूस_काका:
गळते, बहुतेकांची थांबते. युरोलिफ्टनंतरही गोळ्या परत सुरू कराव्या लागलेले त्या १३.६ टक्क्यांत धरलेले नाहीत, तेही मोजा.