काजव्यांसाठी भंडारदऱ्याला: तंबूत मुक्काम की रात्रीच परत?

घोटीचं वळण
जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही अकरा जण भंडारदऱ्याला निघालोय. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा, सर्वांत मोठ्या माझ्या सासूबाई, वय ७४. घरात दोन तट पडलेत. दीर-जाऊ म्हणतात, काजवे बघायचे तर तलावाकाठी तंबूतच राहायचं, नाहीतर एवढा कसारा घाट चढायचा कशाला? माझं म्हणणं, तंबू नको. पहाटे ठाण्याहून निघू, दिवसा विल्सन धरण, रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर करू, अंधार पडला की तास-दीड तास काजवे बघू आणि घोटीला येऊन हॉटेलात पाठ टेकू.

हट्ट नाही, अनुभव आहे. गेल्या जूनमध्ये माणशी दीड हजार मोजून आम्ही चौघं तंबूत राहिलो. फोटोत पाच तंबू नि मागे निवांत पाणी होतं. प्रत्यक्षात एका भातखाचरात मी मोजले, अडतीस तंबू. संडास दोन. मधोमध जनरेटर आणि स्पीकर. काजवे कुठे, असं विचारलं तर व्यवस्थेवरचा पोरगा म्हणाला, "लाइट बंद केले की येतील." लाइट बंद झाले साडेअकराला, तोवर पोरं झोपून गेलेली. दीडला वळीव कोसळला. खाचरच ते, पाणी धरण्यासाठीच बांधलेलं! तंबूच्या बुडातून पाणी आत आलं आणि पहाटेपर्यंत आम्ही गाडीत बसून काढली.

काजवे दिसले ते आठच्या सुमारास, नवरा आणि मी टॉर्च न लावता रस्त्याने पुढे चालत गेलो तेव्हा. एकच सादडा होता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड पेटायचं, विझायचं, पुन्हा पेटायचं. दिवाळीच्या माळेतला एखादा तुकडा मागे राहतो ना, तशी डावीकडची एक फांदी मात्र सगळ्यांच्या अर्धा क्षण मागे होती. मी तिच्याकडेच बघत होते. तेवढ्यात वळणावरून गाडी आली, हेडलाइट झाडावरून फिरले आणि झाड बंद. पुन्हा दोन-चार ठिपके लुकलुकायला लागले, तर दुसरी गाडी. मग तिसरी. त्या फांदीला काही परत ताल सापडला नाही.

म्हणून विचारते, या तंबूबाजारात आपण भर का घालायची?

कडेकपारी
ताई, तुमचं दुःख समजलं, पण तुम्ही राग तंबूवर काढताय आणि गुन्हेगार दुसराच आहे. एक सांगा, त्या तीन गाड्या कुठे चालल्या होत्या? घाटघरकडे की शेंडीकडे?

घोटीचं वळण
शेंडीकडे. का?

कडेकपारी
घोटीचा रस्ता शेंडीवरूनच जातो, म्हणजे परत चालल्या होत्या. रात्री काजवे बघून घोटीला झोपायला जाणारी मंडळी. यंदा तुम्ही जे करायचं म्हणताय, तेच!

तंबूत राहणारा पाचला गाडी लावतो आणि सकाळपर्यंत तिला हात लावत नाही. रात्री येऊन रात्री जाणारा त्या चिंचोळ्या रस्त्यावरून दोनदा हेडलाइट फिरवतो, वळायला जागा नाही म्हणून मागे-पुढे करतो, कुणी आडवा आला की हॉर्न. काजव्याला तुमचा तंबू एक वेळ सोसेल, तुमची गाडी सोसत नाही. मी वीस वर्षं रतनगड, साम्रद, सांदण दरी हा पट्टा फिरतोय. आधी तंबू आले, मग गाड्या आल्या, असं झालेलं नाही. एका दिवसात "उरकून" येणारे आधी आले.

घोटीचं वळण
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, मान्य. पण अडतीस तंबू आणि स्पीकर मान्य नाहीच.

कलमवाला
दोघांच्याही सोयीसाठी थोडं कोरडं लिहितो. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ साली जाहीर झालेला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधलं कलम २७ सांगतं की अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. तिथले रहिवासी, तिथे ज्यांची मालमत्ता आहे ते आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे, यांना सूट. आपल्यासारख्यांना कलम २८ खाली परवाना मिळतो, पर्यटन हे त्यातलं एक मान्य कारण. नाक्यावर पैसे देऊन आपण पावती घेतो आणि डॅशबोर्डवर फेकतो, तो कागद म्हणजे उपकार आहे, हक्क नाही. प्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं याच कलम २७ मध्ये निषिद्ध आहे. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला कलम ३० ची मनाई. जाहिरातीतली ती "कॅम्पफायर" यात बसते का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मे अखेरीचं गवत पाहिलंय ना, काडी लागायचा अवकाश.

माझं मत: अभयारण्याच्या हद्दीत पर्यटकांचे तंबू सरसकट बंद करावेत.

गॅलरीतून
आणि रात्रीच्या गाड्याही बंद. आणि पर्यटकही. काजवे मग आपसांत बघतील एकमेकांना.

कलमवाला
ते तसेच बघतात, साहेब. आपल्यासाठी लुकलुकत नाहीत ते.

खाचरमालक
मी तलावाच्या कडंच्या गावातला. नाव लिहीत नाय. दोन दिवस वाचतोय, आता राहवलं नाय.

ताईंनी अडतीस तंबूंचं खाचर सांगितलं. तसलं खाचर कोणाचं असतं माहितीय? आमच्यातल्याच एखाद्याचं. पण तंबू त्याचे नसतात. शहरातला पार्टीवाला मे महिन्यापुरतं खाचर भाड्यानं घेतो, मालकाला पाच-सात हजार टेकवतो, स्वयंपाकाला आमच्याच बाया लावतो आणि स्पीकर सोबत आणतो. दीड हजारातले आमच्या वस्तीत किती राहिले, तुम्हीच हिशोब करा.

माझे सहा तंबू आहेत. माझ्याच खाचरात. त्या खाचरात भात लावायचा आषाढात, तोवर ते मोकळंच पडलेलं असतं. स्पीकर नाय, जनरेटर नाय, सौरकंदील आहेत, ते पण साडेसातला झाकतो. या सहा तंबूंवर तीन आठवड्यांत जे मिळतं त्यातून बी-खत होतं आणि पोरीची शाळेची वह्या-पुस्तकं होतात. हे नव्हतं तेव्हा मी आणि मंडळी नारायणगावला मजुरीला जायचो. पहाटे तिथल्या बाजारात उभं राहायचं, बागायतदार येणार, हात बघणार, मग टेम्पोत बसवणार. कलमवाले साहेब, तुमच्या एका "सरसकट" मध्ये मी परत त्या रांगेत जातो.

कलमवाला
दादा, तुमच्या सहा तंबूंविरुद्ध माझी तक्रार नाही. पण नियम लिहिताना "चांगल्या माणसाचे तंबू चालतील" असं लिहिता येत नाही. सहा चालले तर शेजारचा साठ लावणार आणि तोही मालकीच्या जमिनीतच म्हणणार.

खाचरमालक
मग आकडा लिहा ना. एका घराला इतके तंबू, ते बी गावच्याच माणसाचे. ग्रामसभेला विचारून लिहा. कासच्या पठारावर फुलांसाठी रोजच्या माणसांना मर्यादा घातलीच ना? आमच्याकडं मात्र एक तर सगळं मोकळं नाहीतर सगळं बंद, मधलं काय सुचतच नाय कोणाला.

सहापाय
कीटकांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी.

झाडावर जो झगमगाट दिसतो ते बहुतांशी नर. मादी बरेचदा खाली असते, गवतात, झुडपात, आणि ती अंधारात नराची खूण ओळखून उत्तर देते. उजेड पडला की हा संवाद तुटतो. प्रौढ काजव्याचं आयुष्य फार तर दोन-तीन आठवड्यांचं, त्यातही अवकाळी झडी आल्या तर आणखी कमी. त्यामुळे "एका रात्रीने काय होतंय" हे आपलं गणित, त्याचं नव्हे. अंडी ओलसर मातीत. अळी महिनोन्‌महिने जमिनीत, पाल्यापाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते. म्हणजे काजव्याचं घर झाड नाही, झाडाखालची जमीन आहे.

आता तुमच्या वादाकडे. तंबू खाचरात असेल तर मला फारशी अडचण नाही, ती नांगरलेली जमीन आहे. तंबू किंवा गाडी झाडाखालच्या गवतात असेल तर आहे. आणि सगळ्यात मोठं नुकसान करतात ते फोटोवाले, जे "जवळून" म्हणत गवत तुडवत बुंध्यापर्यंत जातात. मोबाइलवर तसंही काळ्या पडद्याखेरीज काही येत नाही. बाटलीत काजवे भरणाऱ्या पालकांबद्दल मी लिहीत नाही, भाषा बिघडते.

कडेकपारी
सहापाय, फोटोवाल्यांबद्दल टाळी. पण "खाचरात चालेल" हे सगळ्यांनी लक्षात घ्या बरं का. शास्त्र माझ्या बाजूने आहे!

सहापाय
शास्त्र कुणाच्या बाजूने नाही. अडतीस तंबूंमागे शंभर माणसं रात्री टॉर्च घेऊन संडास शोधत फिरतात, तेही धरा.

ओटीवरची
घोटीचं वळण, मी तिसराच मार्ग सांगते, कारण संडासाचा विषय निघालाच आहे आणि तो बायकांशिवाय कुणी गंभीरपणे घेत नाही. ७४ वर्षांच्या बाईला रात्री दोनदा उठावं लागतं. तंबूची चेन, बाहेर बांध, ओलं गवत, मे-जूनमध्ये बाहेर पडलेले विंचू आणि साप. मुळीच नको. पण घोटीला परत जाणंही नको, ते कडेकपारींनी पटवलंच आहे.

गावात कुणाच्या घरी राहा. आम्ही पुरुषवाडीला राहिलो होतो, तेही अकोले तालुक्यातच, काजव्यांसाठीच. शेणाने सारवलेली ओटी, त्यावर सतरंजी, जाड गोधड्या. माझी आई, जी तीन पायऱ्या चढली की गुडघ्याच्या नावाने बोटं मोडते, ती त्या घरातल्या म्हातारीशी रात्री बारापर्यंत गप्पा मारत बसली होती. काजवे बघायला आम्ही गेलो, ती गेलीच नाही. म्हणाली, "आमच्या लहानपणी परसात होते, तुम्ही बघून या."

गॅलरीतून
हे छान आहे, पण सगळेच ओटीवर गेले तर ओट्या पुरणार का? त्या पट्ट्यात जूनमधल्या शनिवारी शेंडीच्या नाक्यावर गाड्यांची रांग असते. मी एकदा त्या रांगेत दीड तास काढलाय आणि तेव्हापासून गॅलरीतूनच निसर्ग बघतो. खरा उपाय एकच, शनिवारी जाऊ नका. मंगळवारी जा. अमावास्येच्या आगेमागे जा, चांदण्यात काजवे फिके पडतात. पण ते कुणाला जमणार? रजा तर लग्नांसाठी राखून ठेवायच्या असतात.

खाचरमालक
बरोबर बोलले. ओट्या पुरत नाय. आमच्या वस्तीत पाव्हण्याला दाखवावा असा संडास चार घरांना आहे. म्हणून तंबू. म्हातारी माणसं नि लहान पोरं घरात, बाकीचे खाचरात, जेवण सगळ्यांचं एका चुलीवर. मी तरी असंच करतो.

कलमवाला
हे वाचल्यावर "सरसकट" मागे घेतो. पण बाहेरच्यांनी भाड्याने घेतलेल्या खाचरांतले तंबू आणि रात्री आठनंतर त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, या दोन्हींवर बंदी हवी, यावर मी ठाम आहे.

कडेकपारी
आठनंतर गाडी बंद म्हणजे एखाद्याला साप चावला तर राजूरच्या दवाखान्यात न्यायचा कसा?

कलमवाला
पर्यटकांच्या लिहिलंय. रुग्णाच्या नाही. शब्द वाचत जा.

घोटीचं वळण
धागा मी काढला म्हणून मीच आमचं काय ठरलं ते लिहिते. काल जेवताना सगळं वाचून दाखवलं. घोटीचं हॉटेल रद्द. शनिवारही रद्द, नवऱ्याने कुरकुर करत सोमवार-मंगळवार रजा टाकली. एक गाडी कमी करून टेम्पो ट्रॅव्हलर घेतोय, म्हणजे हेडलाइटची एकच जोडी, आणि तीही पाचच्या आत गावात उभी राहील, दुसऱ्या सकाळपर्यंत हलणार नाही. सासूबाई, मी आणि दोन्ही पोरं ओटीवर. दीर-जाऊ नि कंपनी तंबूत, आणि वळीव आला तर मी दार उघडणार नाही असं आत्ताच सांगून ठेवलंय.

रंधा फॉल यादीतून काढला. पाऊस नीट धरल्याशिवाय तिथे खडकच बघायचे. डिझेल घोटीलाच भरून घेणार. एका टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलाय, बाकीच्या घरीच राहतील.

तंबूबद्दलचं मत मात्र पूर्ण बदललेलं नाही. कडेकपारी, तुमची गाडीची गोष्ट शंभर टक्के खरी. पण ज्या खाचरात जनरेटर आहे तिथे मी चहासुद्धा पिणार नाही.

खाचरमालक, अकरा माणसांची जागा होईल का? निरोप धाडलाय.

खाचरमालक
निरोप पोचला. होईल. गाडी देवळापाशी लावा, झाडाखाली नको. मंगळवारी सकाळी लवकर उठलात तर कळसूबाई स्वच्छ दिसतं, नंतर ढग बसतो. आणि सासूबाईंना विचारून सांगा, भाकरी तांदळाची चालते का नागलीची. तुम्ही नाचणी म्हणता ती. दळण राजूरवरून आणावं लागतं, आदल्या दिवशी कळलेलं बरं.