रॅनल्फ फ्लॅम्बार्ड: लुटारू बिशप की बदनाम कारभारी?

पोटमाळा:
मागच्या वर्षी इंग्लंडमधलं डरहॅमचं कॅथेड्रल पाहिलं. नागमोडी नक्षी कोरलेले ते अवाढव्य खांब बघून मान दुखली. मुख्य दालनाच्या भिंती पार छतापर्यंत नेल्या त्या रॅनल्फ फ्लॅम्बार्डच्या काळात. १०९९ ते ११२८ हा तिथला बिशप. पण पुस्तकं उघडा, सगळीकडे त्याच्या नावाने शिमगा!

मूळचा नॉर्मंडीतला, बायोकडच्या एका साध्या पाद्र्याचा पोरगा. इंग्लंडचा राजा विल्यम रूफसचा वसुली कारभारी झाला. बिशप किंवा मठाधिपती मेला की गादी रिकामी ठेवायची आणि नवा नेमेपर्यंतचं उत्पन्न राजाच्या खजिन्यात भरायचं. कँटरबरी १०८९ ते १०९३ अशीच रिकामी होती. ११०० मध्ये रूफस शिकारीत बाण लागून मेला, त्या दिवशी पुन्हा कँटरबरी, शिवाय विंचेस्टर, सॉल्झबरी आणि अकरा मठ त्याच्या ताब्यात होते.

आता हे लिहून कोणी ठेवलं? मठातल्या भिक्षूंनीच. ज्यांच्या मुदपाकखान्याला कात्री लागली तेच बखरकार. माझं मत: पैसा राजाने खाल्ला, शिव्या कारभाऱ्याने.

खडूस:
मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याची फारच बाजू घेताय राव. १०९४ मध्ये नॉर्मंडीच्या लढाईसाठी हेस्टिंग्जला शिपाई गोळा केले. प्रत्येकाच्या कनवटीला गावाने खर्चाला दिलेले दहा शिलिंग. फ्लॅम्बार्डने ते काढून घेतले आणि सगळ्यांना घरी पाठवलं. ते कुठे मठात राहत होते?

आणि नॉर्मंडीतल्या लिझ्यूचं काय? तिथल्या बिशपपदावर आधी भाऊ, तो गेल्यावर स्वतःचा मुलगा थॉमस. वय साधारण बारा! हेही राजानेच करायला लावलं का?

तिसरी घंटा:
लंडनच्या टॉवरमधून निसटण्याचा किस्सा कोणीच कसा सांगत नाही? नव्या राजाने, पहिल्या हेन्रीने, लोकांना खूश करायला सर्वांत आधी यालाच आत टाकलं. फेब्रुवारी ११०१ मध्ये दारूच्या बुधल्यातून दोर आला. पहारेकऱ्यांना मेजवानी, ते घोरायला लागले तसा हा खिडकीतल्या खांबाला दोर बांधून खाली. हातमोजे विसरला, तळव्यांची सालटी निघाली. अंगाने जाडजूड, त्यात दोर अपुरा. शेवटी धप्पकन आपटला, पण पळाला.

हा किस्सा लिहिणारा ऑर्डेरिक व्हिटालिसही भिक्षूच. त्याला शिव्या देणाराच त्याची गोष्ट इतकी चवीने सांगतो! तेव्हा 'भिक्षूंचा नुसता द्वेष' हे तितकंसं पटत नाही.

ज्वारीची भाकरी:
किश्श्यांत रमू नका. हंटिंग्डनची थिओडोरा, पुढे मार्कियाटची क्रिस्टीना म्हणून ओळखली गेलेली. तिची मावशी या बिशपाची ठेवलेली बाई, म्हणून घरात त्याचं येणंजाणं. एका रात्री त्याने ह्या कोवळ्या पोरीला खोलीत ओढलं. ती म्हणाली, दाराला कडी लावून येते. त्याने तिला शपथ घालून सोडलं. तिने कडी लावली, पण बाहेरून! मग याने सूड म्हणून तिच्या लग्नाचा घाट घातला. यात महसूल कुठे आला?

पोटमाळा:
प्रसंग वाईटच. फक्त क्रिस्टीनाचं हे चरित्रही सेंट अल्बन्सच्या भिक्षूने लिहिलेलं आहे, आणि त्या मठाची गादी १०९३ ते १०९७ रिकामीच होती.

ज्वारीची भाकरी:
म्हणजे चार वर्षांच्या उत्पन्नाचा राग त्यांनी अर्धशतकाने एका मुलीच्या तोंडून काढला? अहो, जरा तरी.

पोटमाळा:
बरं, तो मुद्दा मागे घेतो. पण शेवट बघा. ११२८ मध्ये मरणाच्या दारात असताना त्याने स्वतःला उचलून चर्चमध्ये न्यायला लावलं. भिक्षूंचं जे जे घेतलं होतं ते परत केलं, खूण म्हणून बोटातली अंगठी वेदीवर ठेवली. इतकं तरी धरा.

खडूस:
धरलं. पुढचंही ऐका मग. तो गेल्यावर हेन्रीने डरहॅमची गादी पाच वर्षं रिकामी ठेवली, अगदी फ्लॅम्बार्डच्याच पद्धतीने. आणि तुमची मान दुखवणारं ते छत त्याच पाच वर्षांत पुरं झालं. डोक्यावर बिशप नसताना, भिक्षूंच्या हातून.