ठेक्यावर रुळाचं काम करताना भावाची दोन बोटं गेली, भरपाई कोण देणार?

वरणगावकर: ऑगस्ट २०२४ मध्ये स्लीपर (रुळाखालचा आडवा जड ठोकळा) उचलताना धाकट्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं चेपली, कापावीच लागली. हातमोजे नव्हते, मुकादम चहाला गेलेला. ठेकेदार म्हणतो, "चूक त्याचीच, हे दहा हजार घे आन् सही कर." रेल्वेवाले म्हणतात, आमचा माणूस नाही. भाऊ आता केळीच्या बागेत पाणी भरतो, तेही एका हातानं.

जुना_गँगमन: सही करू नको भो! अपघात २०२४ चा, म्हणून तेव्हाचा १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली). कामावर, कामामुळे इजा झाली एवढं दाखवायचं, मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. त्याच्या कलम १२ नुसार ठेका देणारा, म्हणजे रेल्वेही जबाबदार.

यावलची_वकीलताई: एका हाताची दोन बोटं गेली तर त्या कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के कमाईची हानी धरलीय. अर्ज भरपाई आयुक्तांकडे, अपघातापासून दोन वर्षांत. रेल्वे दावा न्यायाधिकरणात जाऊ नका, ते प्रवाशांचे नि मालाचे दावे बघतं. हजेरीचा पुरावा आहे का?

वरणगावकर: ताई, वही ठेकेदाराकडेच. पण पगार फोनवर यायचा, मेसेज आहेत.

जुना_गँगमन: मग आजच त्यांचे फोटो काढून ठेव. फोन पडला पाण्यात तर बोंबल.