मदत हवी आहे: फायनलला यजमान गावच असेल तर पंचगिरीवर विश्वास कसा बसवायचा?

कापूसकोंड्या:

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. जानेवारीत कापसाची वेचणी आटोपत आली की आमचं मंडळ रात्रीचे खुले कबड्डी सामने घेतं. मातीचं मैदान, चार हॅलोजन आणि कडेला बसलेलं अर्धं गाव. यंदा पाम्प्लेट छापायच्या आधीच घोडं अडलं, म्हणून हा धागा.

मागच्या वर्षी फायनलला आमचाच संघ होता, समोर शेजारच्या तालुक्यातला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई आमच्या पोट्ट्याची, समोर सहा गडी. त्यानं बोनस रेषेपलीकडे (जादा गुणाची रेषा) पाय टाकला. टाकला म्हणजे टाकला असं आमचे लोक म्हणतात. फक्कीची रेषा तोवर पायाखाली पार पुसून गेली होती. मागचा पाय हवेत होता की मातीला लागलेला, तेही नक्की कुणी सांगू शकत नाही. त्या बाजूच्या पंचाला तर आमच्या लोकांनी दोरी ओलांडून जवळजवळ मैदानात ढकललं होतं. 'बोनस, बोनस' असा एकच गलका झाला आणि पंचानं अंगठा वर केला. हा पंच आमच्या गावचा जावई. पाहुण्यांनी दुसरं बक्षीससुद्धा उचललं नाही, पिकअपमध्ये बसले आणि निघून गेले.

जावयानं मुद्दाम दिला असं मला वाटत नाही. पण यंदा चांगल्या संघांना फोन लावले तर 'पाहू' म्हणून ठेवून देतात. बैठकीत दोन तट पडले. एक तट म्हणतो, घरचं मैदान म्हटल्यावर एवढं चालायचंच, ऑलिम्पिकमध्ये चालते तर आपलं काय घेऊन बसले! दुसरा म्हणतो, सगळे पंच बाहेरून आणा. खर्चाचं विचारलं की तोही तट गप्प.

ऑलिम्पिकचा दाखला निघाला म्हणून थोडं वाचलं. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरनं फायनलला ८६ ठोसे लावले, कोरियाच्या पार्क सी-हुननं ३२, तरी ३-२ नं सुवर्ण यजमानाला. २०१४ला इंचॉन एशियाडमध्ये आपली सरिता देवी उपांत्य फेरीत कोरियाच्याच बॉक्सरकडून हरली. तिनं पदक समारंभात आपलं ब्राँझ तिच्याच गळ्यात घातलं आणि वर एक वर्षाची बंदी भोगली. म्हणजे चालते हे खरं. पण त्यानंतर त्या लोकांनी काय सुधारणा केल्या आणि त्यातलं आमच्यासारख्या मंडळाला काय परवडेल, हे कुणी सांगेल का? प्रवेश फी आणि देणगीवर चालणारं काम आहे, तेवढं धरूनच सांगा.

रिंगसाईड:

भाऊ, बॉक्सिंगवाल्यांनी काय केलं ते सांगतो, त्यातून काय करू नये तेही कळेल. सोलच्या बोभाट्यानंतर १९९२ला बार्सिलोनात कॉम्प्युटर आणला. पाच जजच्या हातात बटणं. एका सेकंदाच्या आत निदान तिघांनी दाबलं तरच गुण. पंच विकत घेणं अवघड झालं म्हणून सगळे खूश. पण खेळच बदलला. पोटातले ठोसे मोजलेच जाईनात, पोरं लांबून टिचकी मारून पळायला लागली. २०१२च्या लंडननंतर ते यंत्र काढलं आणि दहा गुणांची पद्धत आणली. २०१६ला रिओमध्ये पुन्हा तेच. आयर्लंडच्या मायकेल कॉनलननं रिंगमधूनच जजना मधलं बोट दाखवलं. रिओतल्या सगळ्या ३६ पंच-जजना टोकियोला घेतलं नाही. पुढे २०२१मध्ये मॅकलॅरेन चौकशीचा अहवाल आला. आधीपासून साधलेले जज ठरवून नेमले जात होते, असं त्यात निघालं.

तेव्हा गुण कसे मोजायचे यावर डोकं कमी लावा. पंच कोण नेमतो, कोणत्या सामन्याला कोण हे कधी ठरतं, ते आधी पाहा. तुमच्याकडे जावयाला फायनल कुणी दिली?

कापूसकोंड्या:

@रिंगसाईड, मंडळाच्या अध्यक्षांनी. ऐन वेळी. दुसरा पंच शेवटच्या बसने गेला होता म्हणून.

पांढरकवडा एक्स्प्रेस:

राजेहो, गावची कबड्डी आहे, कायले एवढा ताप करून घेता? आमच्याकडे शंकरपटातही (बैलजोड्यांच्या शर्यतीत) दरवर्षी 'माझी जोडी आधी पोचली' म्हणून भांडणं होतात, रात्री सगळे सोबत जेवतात.

कापूसकोंड्या:

@पांढरकवडा, पटात आता सेकंद मोजणारं घड्याळ आलं म्हणून निदान रात्री जेवतात तरी. आमच्याकडचे न जेवता गेले.

जामठ्याचा प्रेक्षक:

क्रिकेटनं हा प्रश्न बराच सोडवला आणि तो हळूहळू सोडवला, हे लक्षात घ्या. घरचे पंच घरच्या टीमला सांभाळतात अशी बोंब कित्येक वर्षं होती. १९८६ला पाकिस्ताननं वेस्ट इंडिजविरुद्ध लाहोर कसोटीला आपले व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर बोलावले. भारताचे पंच, पाकिस्तानात, पाकिस्तानच्याच बोलावण्यावरून! यजमानानंच आपणहून बाहेरचे आणले की अर्धी बोलती बंद होते. १९९४पासून प्रत्येक कसोटीला एक पंच तिऱ्हाईत देशाचा आणि २००२पासून दोन्ही. कोरोनात २०२०ला प्रवास बंद झाला तेव्हा पुन्हा घरचे पंच नेमायची मुभा दिली, पण सोबत प्रत्येक डावाला एक रिव्ह्यू वाढवून दिला. हे तुमच्या कामाचं आहे. बाहेरचा पंच परवडत नसेल तर पाहुण्याच्या हातात दाद मागायचा जास्तीचा हक्क द्या.

आणि एक आपल्या घरचं. २०१५ला आमच्या नागपूरच्या जामठ्यावर दक्षिण आफ्रिका ७९ला गुंडाळली, कसोटी तिसऱ्या दिवशी संपली. पंच तिऱ्हाईत होते, कुणी चोरी केली नाही, तरी आयसीसीनं खेळपट्टीला 'खराब' शेरा दिला. मी स्टेडियममध्ये होतो, मजा आली हे कबूल. सांगायचं एवढंच की घरचा फायदा निव्वळ पंचातून येत नाही, मैदान कोण तयार करतो त्यातूनही येतो. तुमची रेषा पुसली होती ना?

आकडेमोड:

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. यजमान देशाची पदकं वाढतात ती सगळी पंचांमुळे नाही. ब्रिटनला २००८मध्ये १९ सुवर्ण होती, लंडन २०१२ला २९ झाली. जपानची रिओतली १२ घरच्या टोकियोत २७. आपली राष्ट्रकुलात २००६ला एकूण ५० पदकं, दिल्ली २०१०ला १०१ आणि ग्लासगो २०१४ला परत ६४. यजमान संघ मोठा उतरवतो, पात्रतेच्या जागा मिळतात, सरकार आधी काही वर्षं पैसा ओततं, आपल्याला जमणारे खेळ कार्यक्रमात घालून घेता येतात. टोकियोनं कराटे आणि बेसबॉल घेतलं ते उगीच नाही.

पण पंचाचा वाटाही वेगळा काढून पाहिला गेला आहे. ऑलिम्पिकच्या जुन्या निकालांच्या अभ्यासात बॉक्सिंग, जिम्नॅस्टिक्स अशा माणसानं गुण द्यायच्या खेळांत यजमानाचा फायदा ठळक दिसला, वेटलिफ्टिंगमध्ये जवळपास नाही. वजन उचललं की उचललं.

सगळ्यात कामाचा प्रयोग इंग्लंडमधला, २००२ साली प्रसिद्ध झालेला. फुटबॉलच्या प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्यातल्या त्याच त्या धडका दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्धचे फाऊल सुमारे साडेपंधरा टक्के कमी दिले. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते, त्यातला कुणी कुणाचा जावई नव्हता. २०२०ला जर्मनीत रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा घरच्या संघाला पंचाकडून मिळणारी ही सूट उतरलेली दिसली. म्हणून मला वाटतं, तुमच्या जावयाला बदलून पुण्याहून पंच आणला आणि तोच जमाव त्याच्या कानाशी ठेवला तर निकाल फार वेगळा येणार नाही.

पांढरकवडा एक्स्प्रेस:

हे मात्र पटलं बाप्पा. आमच्याकडे तर माईकवाला सुरूच असते, 'या चढाईला अमुक भाऊंकडून पाचशे रुपये रोख!' पंच कितीही सज्जन असो, पाचशेचा गुण कापताना त्याचा हात थरथरतोच.

बोनसवाली:

मी अकोल्याची, विद्यापीठाकडून खेळले आहे. एक मुद्दा कुणीच काढला नाही. नियम कोणता हेच दोन्ही संघांना वेगवेगळं माहीत असतं. २०२३च्या ऑक्टोबरात हांगझोऊ एशियाडची पुरुषांची फायनल आठवा, भारत-इराण. २८-२८ गुण, शेवटचा मिनिटभर खेळ उरलेला, पवन सेहरावतची चढाई. तो कुणाला न शिवता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्टीत) गेला, त्याच्यामागे इराणचे गडी गेले. आता बाद कोण? लॉबीचा जुना नियम लावायचा की नवा, यावर खेळ जवळजवळ तासभर थांबला. लोक मॅटवर बसून राहिले. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो, पण एशियाडच्या फायनलला ही गत. तिथे यजमान तर दोघंही नव्हते.

आमच्या भागातल्या मातीवरच्या सामन्यांत लॉबी कधी आखतच नाहीत, मग फायनलला अचानक कुणीतरी लॉबी मागतो. पाम्प्लेटच्या मागे पाच ओळी छापा. लॉबी आहे की नाही, बोनस किती गड्यांवर, सुपर टॅकल (तीन किंवा कमी गड्यांनी चढाईवाला पकडला तर जादा गुण) आहे की नाही, बरोबरी झाली तर काय. कॅप्टनची सही घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

शिट्टीवाले सर:

मी शाळेतून निवृत्त पी.टी. शिक्षक, तिवसा भागातला. आयुष्य मातीवर शिट्टी वाजवण्यात गेलं. कापूसकोंड्या भाऊ, वरचं सगळं बरोबर आहे, आता गावात काय जमतं ते ऐका.

पंच किती लागतात? एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन बाजूला दोन पंच, टेबलावर गुणलेखक. सगळे बाहेरचे आणू नका, पैसा पुरणार नाही. ज्या सामन्यात तुमचा संघ आहे तेवढ्याच सामन्यांना तिऱ्हाईत गावचे द्या. त्यांची मुक्कामाची सोय आधीच करा, म्हणजे शेवटच्या बसचा घोळ होत नाही. कोणत्या सामन्याला कोण हे अध्यक्षांनी ठरवायचं नाही. सामन्याआधी दोन्ही कॅप्टनसमोर चिठ्ठी. मानधन मंडळाच्या हातून नको, सगळ्या संघांच्या प्रवेश फीतून वेगळं काढून ठेवा आणि सामन्याआधीच देऊन टाका. मागून दिलं की लोक म्हणतात निकालाचे दिले.

गुणलेखकाशेजारी दोन्ही संघांचा एक एक माणूस बसवा. हाफटाईमला दोघांनी गुणपत्रिकेवर सही करायची. निम्मी भांडणं गुण चुकीचा लिहिला यावरून होतात, चुकीचा दिला यावरून नाही.

फक्कीचं म्हणाल तर बोनस रेषा आणि निदानरेषा (बॉक लाईन), या दोन्हींना फक्कीच्या भरवशावर राहू नका. पांढरी पट्टी ताणून मातीत खिळे पूर्ण ठोकून बसवा, पायाला लागणार नाहीत असे. ती पुसत नाही. पंचाच्या मागे बांबू रोवून दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी सोडा. आकडेमोड भाऊंनी सांगितलेला आवाज बंद करता येत नाही, पण आवाज करणारा माणूस चार हात मागे नेता येतो.

हरकतीचं: फी ठेवा, हरकत बरोबर निघाली तर परत. वेळ बांधून द्या, पुढच्या चढाईची शिट्टी होण्याआधी. आणि ती वेळ पाळा. पॅरिस २०२४ला अमेरिकेची जिम्नॅस्ट जॉर्डन चाइल्स हिची हरकत मान्य होऊन ब्राँझ मिळालं होतं. क्रीडा लवादानं ती एका मिनिटाच्या मुदतीपेक्षा चार सेकंद उशिरा होती असं धरलं आणि पदक रुमानियाच्या मुलीकडे गेलं. मुद्दा पोरीच्या कसरतीचा राहिलाच नाही, घड्याळ कुणाकडे होतं याचा झाला. म्हणून घड्याळही एकाच माणसाकडे.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं तर बोनस रेषेच्या अगदी सरळीत, दोन्ही टोकांना एकेक फोन बांबूला बांधून. प्रेक्षकांच्या फोनमधला व्हिडिओ चालणार नाही हे आधीच जाहीर करा, नाहीतर शंभर व्हिडिओ येतील.

शेवटची गोष्ट कुणी बोलत नाही. मागच्या वर्षी तुमचा संघ उपांत्य सामना किती वाजता खेळला आणि पाहुणे किती वाजता?

कापूसकोंड्या:

@शिट्टीवाले सर, आमचा नऊला झाला. त्यांचा साडेबाराला, आणि फायनल लगेच त्यानंतर. आमची पोरं घरी जाऊन जेवून आली होती. पहिल्या फेरीत आम्हाला बाय (न खेळता पुढची फेरी) पण होता, हे आत्ता तुम्ही विचारल्यावर ध्यानात आलं. त्यावर पाहुण्यांनी तक्रार केली नव्हती.

शिट्टीवाले सर:

तक्रार कशी करणार, पाम्प्लेटवर वेळापत्रकच नसतं. यंदा बायची चिठ्ठी पाहुण्या संघाच्या कॅप्टनच्या हातून काढा. दोन्ही उपांत्य सामने लागोपाठ, मग अर्धा तास विश्रांती आणि सगळ्यांना जेवण. मला विचाराल तर पंच बदलण्याआधी हे करा.

कापूसकोंड्या:

सर्वांचे आभार. काल बैठकीत वाचून दाखवलं. इंग्लंडचा आवाजाचा प्रयोग ऐकून जावयाच्या सासऱ्यांचा चेहरा खुलला, ते स्वतःहून बांबू द्यायला तयार झाले. नियम पाम्प्लेटच्या मागे छापायचे, पट्टी खिळ्यांनी ठोकायची, चिठ्ठ्या आणि उपांत्य सामन्यांच्या वेळा, एवढं मंजूर झालं. प्रवेश फीतून मानधन वेगळं काढायला खजिनदार कुरकुरताहेत, पण होईल. बाहेरचे पंच फक्त आमच्या सामन्यांना. त्यासाठी वाशिम, अकोला, अमरावतीकडचे अनुभवी पंच जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जाणं-येणं, मुक्काम आणि जेवण आमच्याकडे.

माईकचं तेवढं अडलं. रोख बक्षिसं पुकारू नका म्हटलं तर देणगीदार रुसतात, आणि माईकवाला आमच्या गावच्या सरपंचांचा भाचा.

बोनसवाली:

रोख बक्षिसं हाफटाईमला आणि सामना संपल्यावर एकत्र पुकारा, नावं तीच, मान तोच. चढाई सुरू असताना माईक बंद. भाच्याला हे तुम्ही सांगू नका, कॅप्टनांच्या सभेत पाहुण्या पंचांना सांगू द्या.