मदत हवी आहे: बटरक्रीमच्या केकवर ६५० ग्रॅमचं लाकडी गलबत कसं उभं करू?

नमस्कार मंडळी. मी कुडाळला घरूनच केक करते. येत्या रविवारी मालवणात रिसेप्शनचा केक द्यायचा आहे. दोन मजली, खाली १० इंची, वर ६ इंची, वरून बटरक्रीम. नवऱ्या मुलाचे आजोबा तांडेल होते, म्हणून घरच्यांनी सावंतवाडीहून लाकडी गलबत करून घेतलंय. डोलकाठी, शीड, नाळेवर नवरा-नवरी. देखणं आहे हो, पण काल हातात घेतलं आणि पोटात गोळाच आला. काट्यावर ६५० ग्रॅम! उंची ९ इंच, बूड जेमतेम ४ इंच, शीड एका अंगाला कललेलं.

मागे एका साखरपुड्याच्या केकवर चिनी मातीची जोडी ठेवली होती, याच्या निम्म्या वजनाची. फोटो होईतो नवरदेव घोट्यापर्यंत क्रीममध्ये रुतले. 'पाण्यात पाय सोडून बसलाय' म्हणून सगळे हसले, मला रात्रभर झोप नाही.

त्यात कार्यक्रम समुद्राकडच्या लॉनवर, संध्याकाळी. बटर ३२-३५ अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात माझं स्वयंपाकघरच तेवढं तापतं. काय करू?

काजूबोंडू: क्रीमने वजन पेलावं ही अपेक्षाच सोडा. गलबताखाली ४ इंची केकबोर्ड घ्या. त्याखाली वरच्या मजल्यात बबल टीचे चार जाड स्ट्रॉ, चौकोनात, बोर्डाच्या कडेपासून अर्धा इंच आत. एक स्ट्रॉ तळापर्यंत खुपसून क्रीमच्या पातळीला खूण करा, बाहेर काढा, आणि चारही त्याच मापाने कापा. प्रत्येकाचं वेगळं माप घेतलंत की बोर्ड डुगडुगलाच. खालच्या मजल्यात डॉवेल (आधाराच्या काठ्या) घालता ना? मग भार बोर्डावरून स्ट्रॉवर, तिथून मधल्या बोर्डावर, तिथून डॉवेलवर आणि शेवटी टेबलावर. केक नुसता भोवती उभा असतो.

रंधा: याने रुतणं थांबेल, कलंडणं नाही. गलबताच्या बुडाला ६ मिमीच्या दोन लाकडी काठ्या बसवून घ्या (भोक पाडण्याआधी घरच्यांना विचारा!). एकच बसवली तर ते भोवऱ्यासारखं फिरेल. बोर्डाला भोकं पाडून काठ्या वरच्याच दोन स्ट्रॉंमध्ये उतरवा. सैल वाटल्या तर क्लिंग फिल्मचे वेढे द्या. रंग आणि गोंद केकला लागत नाही, हा फायदा वेगळाच.

सोलकढी: गो बाय, गाडीत गलबत केकार ठेवू नको हां, मांडयेर घेऊन बस. केक रातभर फ्रीजात ठेव, पण थय पोचल्यार लगेच खोको उघडू नको, दमट हवेत केकाक घाम सुटता. गलबत कापूच्या अर्धो तास आधी चढव. आणि शीड वाऱ्याक आडवा ठेवू नको, संध्याकाळचो वारो शिडाक शीडच समाजता!

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काल तालीम केली. गलबताऐवजी ७०० ग्रॅम तांदळाचा डबा, पंखा बंद, दोन तास. क्रीम कडेने थोडी पाघळली, पण बोर्ड तसूभर खचला नाही. वाऱ्याचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, टेबल कुठे मांडणार ते आजच विचारून घेते. मुलाच्या वडिलांनी भोकं पाडायला परवानगी दिली, सुतार उद्या येतोय.

आता एकच अडचण. बोर्डाची कडा उघडी दिसते. मी निळ्या क्रीमच्या लाटा काढणार होते, पण नवरीची आई म्हणते पांढऱ्याशिवाय रंग नको. पांढऱ्या लाटा फेसासारख्या दिसतील की नुसत्या गिचमिड?